‘चालू हॉटेल विकणे आहे’, पण त्यात नक्की काय विकलं जातं?

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात तुमच्या रविवारच्या पुरवणीत परदेशात धंदा करण्याबद्दल एक पान आलं होतं, माझ्या आईने सांगलीहून त्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला. लेख ठीक होता. पण त्याच पानावर खाली कोपऱ्यात एक छोटी जाहिरात होती, "जपानमध्ये चालू जापनीज रेस्टॉरंट विकणे आहे, फॅमिलीसह व्हिसा, भाषेची अट नाही". ती वाचल्यापासून माझं डोकं जागेवर नाही, कारण अशाच एका जाहिरातीच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे जे रेस्टॉरंट विकायचं होतं त्याच्या किचनमध्ये, यावर्षी मी स्वतः उभी होते. म्हणून हे पत्र. लांब झालंय, पण जमलं तर तुकडे न करता छापा, कारण अर्धी माहिती देऊनच ही जाहिरातवाली मंडळी लोकांना गंडवतात.

आम्ही २०१४ पासून तोक्योत एदोगावा वॉर्डात राहतो, निशिकासाई भागात. २००० सालच्या संगणक गोंधळाच्या वेळी भारतातून बरेच इंजिनियर इकडे आले आणि बँकांची ऑफिसं आहेत त्या ओतेमाचीला इथून तोझाई लाइनची थेट गाडी आहे, म्हणून आपली माणसं इथे वसत गेली, आता तर भाजीला कढीपत्ताही मिळतो. नवरा आयटीत आहे. मी त्याच्या व्हिसावर, डिपेंडंट म्हणून. या व्हिसावर वेगळी परवानगी काढली की आठवड्याला २८ तास काम करता येतं, त्याच्यावर एक तास नाही. त्या २८ तासांत २०१८ पासून मी स्टेशनपासून दहा मिनिटांवरच्या एका सोबाच्या दुकानात काम करते.

सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या बारीक शेवया, थंड किंवा गरम रसात खातात. दुकान नवरा-बायकोचं. त्याला सगळे तैशो म्हणतात, म्हणजे आपण मालक म्हणतो तसं, आणि तिला ओकामीसान. निशिकासाई स्टेशन १९७९ साली झालं, त्याच्या पुढच्या वर्षी यांनी दुकान टाकलं, २२ खुर्च्या, साडेपाचशे स्क्वेअर फूट जागा. मला पहिले दोन वर्षं फक्त भांडी आणि गिऱ्हाईक. मग एक दिवस तैशोंचा हात दुखत होता तर त्यांनी मला पिठाला पाणी लावायला सांगितलं, आणि बघतच राहिले. ज्वारीसारखंच कुट्टूच्या पिठालाही चिवटपणा नसतो, त्यात दोन भाग गव्हाचं आणि आठ भाग कुट्टूचं पीठ घेतात तरी ते फुटतंच, पाणी एकदम ओतलं की गेलं. मी लहानपणापासून आईच्या शेजारी बसून भाकरीचं पीठ मळलेलं, बोटांना कळतं पिठाला अजून पाणी हवंय की पुरे. तैशो म्हणाले हे शिकायला लोकांना तीन वर्षं लागतात. त्या दिवसापासून मी आत गेले.

२०२४ च्या थंडीत तैशोंनी सांगितलं की आता बास. वय ७८, मनगट गेलेलं, मुलगी ओसाकाला नोकरीत, तिला यायचं नाही. धंदा तोट्यात नव्हता हे मुद्दाम सांगते. जपानमध्ये हे घरोघरी चाललंय. तिथल्या सरकारनेच अंदाज काढला होता की २०२५ पर्यंत छोट्या-मध्यम धंद्यांचे सुमारे साडेचोवीस लाख मालक सत्तरीच्या पुढे जातील आणि त्यातल्या पावणेतेरा लाखांच्या आसपास मालकांचा वारस ठरलेला नसेल. आणि नफ्यात असलेली दुकानंसुद्धा नुसती बंद होतात, कोणी घ्यायला नाही म्हणून. या आकड्यावरच एजंट लोकांचा सगळा खेळ आहे. "जपानमध्ये दुकानं फुकट मिळतायत, घेणारे नाहीत." आकडा खरा आहे. त्याच्यापुढे ते जे जोडतात ते खरं नाही.

आता दुकान विकणं म्हणजे काय ते सांगते, कारण मलाही माहीत नव्हतं, तैशोंच्या शेजारी बसून कागद वाचताना कळलं.

जागा भाड्याची असते. तोक्योतली बहुतेक छोटी रेस्टॉरंट्स भाड्याच्याच जागेत आहेत. नुसतं बंद करायचं म्हटलं तरी जागेच्या मालकाला आधी नोटीस द्यायची, आमच्या लीजमध्ये सहा महिन्यांची होती, तेवढं भाडं चालू. आणि जागा परत देताना जशी घेतली तशी करून द्यायची, म्हणजे किचन, फरशी, गॅस, धुराचं डक्ट, छत सगळं उखडून नुसतं सिमेंटचं खोकं. या कामाचं कोटेशन आलं १९ लाख येन, आपले जवळजवळ अकरा लाख रुपये. पंचेचाळीस वर्षं दुकान चालवून शेवटी ते फोडायला स्वतःच्या खिशातून पैसे द्यायचे! ओकामीसान त्या दिवशी काही बोलल्या नाहीत, नुसत्या कप पुसत राहिल्या.

म्हणून मग लोक ‘इनुकी’ करतात. म्हणजे आतलं सगळं आहे तसं ठेवून पुढच्या भाडेकरूला द्यायचं, आणि त्या सामानाचे, फिटिंगचे पैसे घ्यायचे. उखडायचा खर्च वाचतो, वर चार पैसे मिळतात, घेणाऱ्यालाही तयार किचन स्वस्तात मिळतं. मुंबईकरांना समजेल असं सांगायचं तर पागडीच्या खोलीसारखं, तुम्ही पैसे मोजता खरे, पण जागा तुमची होत नाही आणि घरमालकाने मान डोलावल्याशिवाय तो व्यवहारच नाही. हे ‘मालकाची संमती’ प्रकरण सगळ्यात महत्त्वाचं आहे. विकणाऱ्याने फ्रिज विकला, टेबलं विकली, तुम्ही पैसे दिले, आणि मालक म्हणाला मला हा भाडेकरू नको, तर तुमच्या हातात राहतो वापरलेला फ्रिज. नवीन लीज तुमच्या नावाने वेगळं होतं, डिपॉझिट वेगळं, ते कित्येक महिन्यांच्या भाड्याएवढं असतं, आणि परत देताना त्यातून काही रक्कम कापायची अटही असते. शिवाय जपानमध्ये परदेशी माणसाला बहुतेक ठिकाणी भाड्याची हमी घेणारी गॅरंटी कंपनी लागते.

सामानाच्या यादीतही बघायला लागतं. आमच्याकडे बर्फाचं मशीन आणि भांडी धुवायचं मशीन भाड्याने घेतलेलं होतं, म्हणजे ते तैशोंचं नव्हतंच, ते विकता येत नाही. मी स्वतः त्या मशीनवर रोज काम करायचे तरी मला माहीत नव्हतं. यादी करायला बसलो तेव्हा कळलं.

लायसनचं आणखी वेगळं. खाण्याच्या धंद्याचं लायसन तिथल्या हेल्थ सेंटरकडून, होकेनजोकडून, मिळतं आणि पूर्वी दुकान विकलं की नव्या माणसाला सगळं पहिल्यापासून काढायला लागायचं. डिसेंबर २०२३ पासून कायदा बदलला, आता पूर्ण धंदाच एकाकडून दुसऱ्याकडे गेला तर लायसनही नुसती माहिती कळवून पुढे चालू राहतं. पण नुसतं सामान आणि जागा घेतली, धंदा घेतला नाही, तर लायसन नव्याने. म्हणजे करारात काय लिहिलंय, सामान विकलं की धंदा विकला, यावर सगळं अवलंबून. शिवाय प्रत्येक दुकानात एक स्वच्छतेचा जबाबदार माणूस लागतो, तो कोर्स एका दिवसाचा असतो, तो मात्र सोपा आहे, मीही केलाय.

आणि नोरेन. जपानी दुकानाच्या दारात जो कापडी पडदा लावतात ना, दुकान उघडलं की बाहेर टांगायचा, बंद झालं की आत घ्यायचा, त्याला नोरेन म्हणतात. आमचा गडद निळा, कडा पांढऱ्या पडलेल्या. आपल्याकडे धंदा विकताना ‘गुडविल’ म्हणून जी रक्कम लावतात, तिला जपानी हिशोबात शब्दच ‘नोरेन’ आहे, बॅलन्सशीटवर, मोठमोठ्या कंपन्यांच्यासुद्धा. जुन्या काळी नोकर खूप वर्षं राबला की मालक त्याला आपलं नाव वापरायची परवानगी द्यायचा, त्यालाही ‘नोरेन वाटून देणं’ म्हणतात. मला हे तैशोंनी नाही, त्यांच्या हिशोबनीसाने सांगितलं, आणि सांगून म्हणाला की तुमच्या नोरेनची किंमत मी शून्य धरतोय कारण ती तैशोंच्या मनगटात होती.

मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. कारण यादीतली ४२ सामानं मी लिहिली आणि त्यात रसाच्या मूळ काढ्याची बरणी नव्हती. सोयासॉस, मिरिन म्हणजे स्वयंपाकातली गोड तांदळाची दारू, आणि साखर शिजवून करतात, काएशी म्हणतात, ती थंड जागी मुरवायला लागते आणि मगच सुक्या माशाच्या पाण्यात मिसळायची. तैशो नवीन काएशी करताना जुनीतली थोडी त्यात घालायचे, आपण विरजण ठेवतो तसं. मी विचारलं ही यादीत का नाही, तर म्हणाले ही विकायची नसते, जो शिकेल त्याच्याकडे ती राहते.

तैशोंनी मला विचारलं होतं, सगळ्यात आधी मलाच. तूच घे म्हणाले. मी रात्रभर नवऱ्याशी बोलले. माझा व्हिसा डिपेंडंट, त्यावर स्वतःचं दुकान पूर्णवेळ चालवता येत नाही. पहाटे पाचला पीठ, रात्री नऊला भांडी, दोन मुलं शाळेत. आणि खरं सांगायचं तर पीठ मला येतं पण रस मला अजून येत नाही. नाही म्हणाले, आणि ते सांगताना रडले.

मग आम्ही सरकारी सेंटरला गेलो. हे कोणी भारतात सांगत नाही म्हणून लिहिते: जपानच्या ४७ च्या ४७ प्रांतांत धंद्याचा वारस शोधून देणारी सरकारी सेंटरं आहेत, सल्ला फुकट. विकणाऱ्याची नोंद होते, घेऊ इच्छिणाऱ्याची नोंद होते, ज्यांना स्वतःचा धंदा करायचाय पण पैसा कमी आहे अशा लोकांची वेगळी यादी असते. २०२५ च्या एप्रिलमध्ये तिथून एक माणूस आला, पस्तिशीतला, दुसऱ्या एका सोबाच्या दुकानात बारा वर्षं काम केलेला. तैशोंनी त्याला काही विचारलं नाही, पीठ पुढे सरकवलं. त्याच्याकडे पैसे कमी होते. सगळं मिळून १५ लाख येन देऊ शकतो म्हणाला, म्हणजे पावणेनऊ लाख रुपये, आणि त्यातले निम्मे पुढच्या वर्षी.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. जुलैमध्ये एक एजंट आला. भारतीय, जपानी फाडफाड बोलणारा, सूट घातलेला. ४० लाख येन देणारी पार्टी आहे म्हणाला. महाराष्ट्रातली.

यात तैशोंना किंवा ओकामीसानना लोभी म्हणू नका. स्वतःचा धंदा करणाऱ्या माणसाला जपानमध्ये जे सरकारी पेन्शन मिळतं ते पूर्ण चाळीस वर्षं हप्ते भरले तरी २०२५ साली महिना ६९,३०८ येन होतं, चाळीस हजार रुपये म्हणा, तोक्योत त्यात एका माणसाचं भाडंसुद्धा धड निघत नाही. करोनाच्या काळात त्यांनी साठवलेलं बरंच खाऊन झालेलं. त्यात यावर्षी तांदूळ दुप्पट महाग झाला, मे महिन्यात पाच किलोची पिशवी ४,२०० येनच्या वर गेली होती, आणि सोबाच्या दुकानातही दुपारी निम्मे लोक भाताचा बाऊल घेतात. २५ लाख येनचा फरक म्हणजे या दोघांची म्हातारपणाची कित्येक वर्षं. ओकामीसान पहिल्यांदा मोठ्या आवाजात बोलल्या, नोरेनने पोट भरत नाही म्हणाल्या. तैशो गप्प. मला त्या क्षणी ओकामीसानचं बरोबर वाटलं होतं आणि आजही मी त्यांना चूक म्हणणार नाही.

एजंटने भाषांतराला मलाच बसवलं, मराठी येते म्हणून. व्हिडिओ कॉलवर पार्टी आली. मला वाटलं होतं कोणी मोठा बिल्डर असेल. तर मराठवाड्यातला सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा मुलगा, शेजारी त्याचे वडील टोपी घालून बसलेले. मुलगा हॉटेल मॅनेजमेंट केलेला, पुण्यात जपानी शिकून एन-४, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेची खालून दुसरी पातळी, पास झालेला. मला ताई म्हणाला. दुकान दाखवा म्हणाला तर मी फोन घेऊन किचनमध्ये फिरले, त्याने लाटणं बघून विचारलं एवढं लांब का, मी सांगितलं पोळी मोठी लाटून घडी घालून मग कापतात, तर त्याने वहीत लिहून घेतलं. वडिलांनी एकच विचारलं, "ताई, हे दुकान पोराच्या नावावर होणार ना?"

तो प्रश्न मी भाषांतर केला. एजंट म्हणाला हो म्हणा.

संपादक महाशय, तोपर्यंत मी करार वाचलेला होता. त्यात ‘आतील फिटिंग व सामान, एकूण एक संच’ एवढंच विकलेलं होतं. लीजचा उल्लेख नव्हता. जागेच्या मालकीणबाईंना, त्या ऐंशीच्या पुढच्या आहेत आणि वरच्याच मजल्यावर राहतात, कोणी विचारलेलंच नव्हतं. धंदा विकला असं लिहिलेलं नव्हतं म्हणजे लायसन परत काढायला लागलं असतं. शिकवायची मुदत नाही, म्हणजे एन-४ झालेल्या मुलाने पहिल्या दिवशी एकट्याने सोबा करायचा. त्या वडिलांनी दोन एकर विकून पुण्यातल्या त्या एजंटच्या ऑफिसात नऊ लाख ‘कन्सल्टन्सी’ म्हणून आधीच भरले होते, परत न मिळणारे. मी एजंटकडे न बघता मराठीत सरळ सांगितलं की काका, नावावर होणार नाही, यात फक्त भांडी तुमची होतायत, आणि मालकाची सही झाल्याशिवाय एक रुपया अजून देऊ नका. एजंटला कळलं, त्याने कॉल तोडला. मला म्हणाला तू एका गरीब मुलाचं नशीब तोडलंस. आठवडाभर मला ते वाक्य छळत होतं.

तैशोंना मी सगळं सांगितलं, काय बोलले ते शब्दन् शब्द. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले त्या मुलाला दुकान विकायला मला हरकत नाही, पण त्याला फसवून नाही. मग वर जाऊन मालकीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या मी सोबावाल्याला जागा दिलीये, सोबावाल्यालाच देईन. तिथे विषय संपला.

एजंटची घाई कशासाठी होती ते नंतर कळलं. परदेशी माणसाला जपानमध्ये स्वतःचा धंदा चालवायला जो बिझनेस मॅनेजर व्हिसा लागतो, त्याला आधी ५० लाख येन भांडवल चालायचं, तीसेक लाख रुपये. १६ ऑक्टोबर २०२५ पासून ते थेट ३ कोटी येन झालंय, म्हणजे पावणेदोन कोटी रुपये. सहापट. त्यात एक पूर्णवेळ कर्मचारी ठेवायलाच लागतो आणि तो जपानी किंवा कायमचा रहिवासी वगैरे असायला हवा, तुम्ही भारतातून चुलतभाऊ आणून तो हिशोबात धरता येत नाही. मालक किंवा त्या कर्मचाऱ्याला चांगलं जपानी यायला पाहिजे, एन-४ च्या खूप वरचं. मालकाकडे तीन वर्षांचा मॅनेजमेंटचा अनुभव किंवा मास्टर्ससारखी पदवी. धंद्याचा प्लॅन सीए किंवा टॅक्सवाल्यासारख्या मान्य तज्ज्ञाने तपासलेला हवा. नियमांचा मसुदा ऑगस्टअखेर बाहेर आला, पण बाजारात कुजबुज आधीच असणार, म्हणून जुलैत घाई. ज्यांच्याकडे हा व्हिसा आधीपासून आहे त्यांना ऑक्टोबर २०२८ पर्यंत मुदत दिलीये. आमच्या भागातल्या करी हॉटेलवाल्यांच्यात, त्यात नेपाळी मालक बरेच आहेत, सध्या हाच एक विषय आहे. माझा अंदाज असा की यातली बरीच दुकानं पुढच्या दोन-तीन वर्षांत विकायला निघतील, आणि तीच चमकवून भारतात दाखवली जातील. म्हणून "भाषेची अट नाही" ही तुमच्या पानावरची ओळ मला इतकी लागली. भाषेची अट आहे, कागदावर आहे.

जपानचे मूळ नियम कडक झाले ते बरोबर की चूक यावर मी इथे बोलत नाही. पण ज्याला खरंच या किचनमध्ये यायचंय त्याला हे लिहिताना तरी वाट आहे आणि ती स्वस्त आहे. २०१९ पासून ‘तोकुतेई गिनो’ म्हणून कामगार व्हिसा आहे, त्यात रेस्टॉरंटचं काम येतं, भारताशी २०२१ मध्ये तसा करारही झालाय. एन-४ किंवा त्याच्या बरोबरीची भाषेची परीक्षा आणि रेस्टॉरंटच्या कामाची परीक्षा, मग पाच वर्षांपर्यंत पगारावर काम. मालक होता येत नाही, सुरवातीला बायको-मुलांनाही आणता येत नाही, ते लपवू नका. पण पाच वर्षांनी हातात काम असतं आणि शेत विकायला लागत नाही. त्या मुलाला मी हेच सांगितलं, त्याने दुसऱ्या दिवशी माझा नंबर शोधून फोन केला होता. त्याने अजून काही ठरवलेलं नाही. वडील त्याच्याशी बोलत नाहीत सध्या. नऊ लाखांतलं काहीही परत आलेलं नाही, ते गावच्या वकिलाकडे जाऊन आलेत.

आणि ज्यांच्याकडे पैसा आहे, सगळं कायद्याने करून घ्यायचंच आहे त्यांनी निदान एवढं आधी विचारा. जागेच्या मालकाने लेखी संमती दिलीये का आणि नवीन लीज किती वर्षांचं आहे. धंदा विकतायत की नुसतं सामान. यादीतल्या कुठल्या वस्तू भाड्याच्या आहेत. दुकान सोडताना उखडायचा खर्च कोणावर, कारण इनुकीत तो बोजा गुपचूप घेणाऱ्याच्या गळ्यात येतो आणि दहा वर्षांनी कळतं. मागच्या तीन वर्षांची टॅक्सची कागदं दाखवतात का. जुना मालक किती महिने शिकवणार. आणि जो एजंट विकणाऱ्याकडूनही पैसे घेतो आणि तुमच्याकडूनही, तो तुमच्या बाजूने बोलणार नाही, त्यामुळे करार वाचायला तुमचा वेगळा माणूस ठेवा. पुण्यात जपानी शिकलेली इतकी मुलं-मुली आहेत, दहा पानं वाचून द्यायला ती किती घेतील? नऊ लाख तर नाही घेणार.

तुम्हाला विनंती एवढीच की अशी जाहिरात छापायला आली तर त्यांच्याकडे निदान जागेच्या मालकाचं संमतीपत्र मागा. नसेल तर छापू नका. गावाकडे पेपरात आलंय म्हटलं की माणूस त्याला खरं मानतो, माझे वडील अजून मानतात. आणि शक्य असेल तर नव्या व्हिसाच्या अटी एकदा सोप्या भाषेत, आकड्यांसकट, पहिल्या पानावर नाही तरी आतल्या पानावर द्या.

आमचं दुकान ऑक्टोबरच्या शेवटी त्या बारा वर्षांवाल्याकडे गेलं, १५ लाखांना. धंदा म्हणून लिहून घेतलं, लायसन चालू राहिलं, दहा दिवस बंद ठेवून उघडलं. मार्चपर्यंत तैशो रोज सकाळी दोन तास येणार असं करारातच आहे, खुर्चीवर बसतात आणि चमच्याने रस चाखतात, बहुतेक वेळा मान हलवून नाही म्हणतात. उरलेले पैसे वर्षभरात येतील. ओकामीसान एकदाच आल्या, नोरेन धुऊन इस्त्री करून दिला आणि गेल्या, आत आल्या नाहीत. ३१ डिसेंबरला जपानमध्ये घरोघरी वर्ष सरताना सोबा खातात, आमच्याकडे त्या दिवशी सकाळपासून रांग असते. यंदा पीठ मळायला आम्ही दोघंच, नवा मालक आणि मी. बरणीतली जुनी काएशी त्याने नव्यात घातलीये, मी बघितलंय.

आपली,
एक वाचक
एदोगावा, तोक्यो
डिसेंबर २०२५